एच-१बी आणि अमेरिकेतल्या आयटी नोकऱ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एच-१बी म्हणजे परदेशी पदवीधर तज्ज्ञांना अमेरिकन कंपनीत ठराविक काळ नोकरी करू देणारा व्हिसा. त्यावरून वाद घालणारे निम्मे लोक वेगळ्याच कायद्याबद्दल बोलत असतात. कुणाच्या डोक्यात ग्रीन कार्डाचे नियम असतात, कुणाच्या डोक्यात विद्यार्थ्यांचं ओपीटी (शिकून झाल्यावर काही काळ काम करायची परवानगी), तर कुणाच्या डोक्यात कंपनीअंतर्गत बदलीचा एल-१ व्हिसा. म्हणून आधी कायद्यात काय लिहिलंय ते सांगून मग वादाकडे वळलो आहोत. पुण्यात बसून एच-१बीच्या लॉटरीची वाट पाहणाऱ्याला हे पान उपयोगी पडावं. न्यू जर्सीत वाढलेल्या ज्या मराठी मुलांना संगणकाची पदवी घेऊनही मुलाखतीचं बोलावणं येत नाही, त्यांच्या आईवडिलांनाही उपयोगी पडावं.

अमेरिकन माणूस मिळाला नाही, तरच कंपनीला एच-१बी मिळतो ना?

नाही. हा सगळ्यांत मोठा गैरसमज आहे आणि तो दोन्ही बाजूंना आहे. एरवी एच-१बीसाठी कंपनीला जाहिरात द्यावी लागत नाही, अमेरिकन उमेदवार शोधावा लागत नाही, शोधून मिळाला नाही असं दाखवावंही लागत नाही.

श्रम खात्याकडे एलसीए नावाचा अर्ज करावा लागतो. त्यात कंपनी चार गोष्टी लिहून देते. पगार स्थानिक प्रचलित दर आणि कंपनीतल्या तशाच कामाचा प्रत्यक्ष पगार यांपैकी जो जास्त असेल त्याहून कमी नसेल. बाकीच्यांच्या कामाच्या परिस्थितीवर वाईट परिणाम होणार नाही. त्या ठिकाणी संप किंवा टाळेबंदी नाही. आणि कर्मचाऱ्यांना सूचना दिली आहे, म्हणजे दोन ठळक जागी दहा दिवस कागद लावला आहे किंवा तशी सूचना संगणकावरून दिली आहे. श्रम खातं सात कामकाजी दिवसांत अर्ज मंजूर करतं. तपासतं ते एवढंच, की रकाने भरलेत का आणि उघड चूक दिसते का. मजकूर खरा आहे का, हे त्या टप्प्यावर कुणी पाहत नाही.

मग रविवारच्या वर्तमानपत्रात येतात त्या जाहिराती कसल्या?

त्या ‘पर्म’च्या, म्हणजे ग्रीन कार्डाच्या पहिल्या पायरीच्या. तिथे मात्र अमेरिकन माणूस शोधावाच लागतो: दोन रविवारी छापील जाहिरात, राज्याच्या रोजगार कार्यालयात ३० दिवसांची नोंद, कार्यालयात दहा कामकाजी दिवस सूचना, आणि पदवीधरांच्या पदांसाठी आणखी तीन मार्ग.

घोळ असा, की त्या खुर्चीवर माणूस आधीच बसलेला असतो, बरेचदा पाच-पाच वर्षं. कंपनीला त्याला हलवायचं नसतं, म्हणून जाहिरात कुणाच्या नजरेला पडू नये अशा बेताने दिली जाते. फेसबुकवर न्याय खात्याचा आरोप हाच होता: ही पदं संकेतस्थळावर नव्हती आणि अर्ज टपालाने मागवले जात होते. २०२१ मध्ये १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरपर्यंतची तडजोड झाली. ॲपलने २०२३ मध्ये अशाच प्रकरणात अडीच कोटी डॉलरपर्यंत देण्याचं मान्य केलं. अमेरिकन बेरोजगाराचा इथला संताप आम्हाला रास्त वाटतो. खुर्चीवरच्या माणसाचा मात्र यात काही दोष नाही.

‘स्वस्त मजूर’ हा आरोप खरा की खोटा?

खाचखळगे सगळे इथेच आहेत. प्रचलित पगार एक नसतो, चार असतात. प्रत्येक व्यवसाय-संकेतांक आणि प्रत्येक भागासाठी श्रम खातं चार पायऱ्या ठरवतं. पहिली लेव्हल त्या भागातल्या पगारांच्या साधारण १७व्या शतमकावर असते (म्हणजे शंभरातल्या १७ जणांचा पगार त्याहून कमी), दुसरी ३४व्या, तिसरी ५०व्या आणि चौथी ६७व्या. म्हणजे ज्या आकड्याला आपण ‘मधला पगार’ म्हणू, तो तिसऱ्या लेव्हलला येतो. पहिल्या दोन लेव्हल कायद्यानेच मधल्या पगाराच्या खाली आहेत.

वॉशिंग्टनच्या इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूटने २०२० मध्ये दाखवलं, की मंजूर एच-१बी पदांपैकी ६० टक्के पहिल्या किंवा दुसऱ्या लेव्हलची होती. ‘बाजारभावापेक्षा कमी’ हा आरोप यातून येतो. उलट बाजू म्हणते, की नुकत्याच पास झालेल्या मुलाला चौथ्या लेव्हलचा पगार कोण देईल? तेही बरोबर. खटकतं ते वेगळंच: सहा-सात वर्षं अनुभवाचा माणूस कागदावर ‘दुसरी लेव्हल’ म्हणून दाखवला जातो आणि ग्राहकाला ‘सीनियर’ म्हणून विकला जातो.

पगाराइतकाच महत्त्वाचा मुद्दा बांधिलकीचा. ग्रीन कार्डाच्या रांगेतला माणूस नोकरी बदलू शकतो, पण नव्या कंपनीला पर्म बहुधा पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून तो पगारवाढीसाठी भांडत नाही आणि रात्री अकराचा कॉल नाकारत नाही. मालकाला तो स्वस्त पडतो तो यामुळे, नुसत्या आकड्यामुळे नव्हे.

माझी लेव्हल बरोबर लावली आहे का, हे कसं पाहू?

एलसीएची प्रत मागा. कामावर रुजू होण्याच्या दिवसापर्यंत ती तुम्हाला देणं कंपनीवर बंधनकारक आहे. शिवाय कंपनीला एक सार्वजनिक फाइल ठेवावी लागते आणि ती कुणीही पाहू शकतो, अमेरिकन सहकारीसुद्धा.

प्रतीत तीन गोष्टी पाहा: व्यवसाय-संकेतांक, कामाचं ठिकाण आणि लेव्हल. मग श्रम खात्याच्या ‘फ्लॅग’ संकेतस्थळावर पगार शोधा. वर्ष जुलै ते जून असं मोजतात, एवढं ध्यानात ठेवा. एक वर्ष चुकलं तर आकडाच चुकतो. लेव्हल ठरवायला खात्याचा तक्ता आहे. सुरुवात १ पासून करायची आणि त्या व्यवसायात एरवी लागतो त्याहून जास्त अनुभव, शिक्षण, खास कौशल्य किंवा हाताखाली माणसं असं पदाच्या अटींत असेल तर गुण मिळवत जायचे. हिशेब पदाच्या अटींचा होतो, तुमच्या बायोडेटाचा नव्हे. पीएचडी असूनही पहिली लेव्हल लागते ती अशी.

नेहमीच्या चुका दोन. एक, सॉफ्टवेअर डेव्हलपरचं काम आणि संकेतांक मात्र कमी पगाराच्या दुसऱ्याच पदाचा. दुसरी, ठिकाणाची: एलसीए स्वस्त गावाची आणि माणूस महागड्या शहरात. कामाची जागा त्या महानगर क्षेत्राबाहेर गेली तर सुधारित अर्ज करावाच लागतो. सिमियो नावाच्या कंपनीच्या प्रकरणातल्या २०१५ च्या निर्णयापासून यात संदिग्धता उरलेली नाही. घरून काम करणाऱ्यांनी घर बदललं तरी हेच लागू.

डिस्नेने आपल्या माणसांकडून बदली माणसांना शिकवून घेतलं आणि मग काढलं. ते कायदेशीर कसं?

२०१५ च्या सुमारास फ्लोरिडात डिस्नेचे सुमारे २५० तंत्रज्ञ आणि कॅलिफोर्नियात सदर्न कॅलिफोर्निया एडिसनचे कर्मचारी असेच गेले. काम कंत्राटी कंपन्यांकडे गेलं. डिस्नेच्या कर्मचाऱ्यांनी दावे लावले, ते २०१६ मध्ये फेटाळले गेले.

कारण कायद्यातच आहे. ‘अमेरिकन माणूस हटवणार नाही’ हे लिहून देणं फक्त एच-१बीवर अवलंबून असलेल्या कंपन्यांना बंधनकारक आहे. ५१ किंवा जास्त पूर्णवेळ कर्मचाऱ्यांच्या कंपनीत १५ टक्के एच-१बीवाले असले की ती अशी कंपनी. लहान कंपन्यांना वेगळे आकडे: २५ पर्यंत कर्मचारी असतील तर ८, आणि २६ ते ५० असतील तर १३. डिस्ने त्यात बसत नव्हती. कंत्राटदार बसला तरी पळवाट होती: कर्मचाऱ्याला वर्षाला ६० हजार डॉलर दिले किंवा तो मास्टर्स असला, की ही अट लागूच होत नाही. हा ६० हजारांचा आकडा १९९८ च्या कायद्यातला आहे आणि तो कधी महागाईशी जोडलाच नाही. जोडला असता तर आज जवळजवळ दुप्पट असता.

आमच्या मते सगळ्या वादात याहून सोपी दुरुस्ती दुसरी नाही. रिपब्लिकन ग्रासली आणि डेमोक्रॅट डर्बिन या दोन सिनेटरांनी २००७ पासून पुन्हा पुन्हा मिळून सुधारणेचं विधेयक आणलं. ते कधी मंजूर झालं नाही.

अभ्यासक काय म्हणतात? नोकऱ्या जातात की वाढतात?

प्रश्न कोणता विचारला त्यावर उत्तर ठरतं. पेरी, शी आणि स्पार्बर यांनी २०१५ मध्ये शहरांची तुलना केली, तेव्हा परदेशी स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) कामगार वाढलेल्या शहरांत स्थानिक पदवीधरांचे पगारही वाढलेले दिसले. डोरान, गेल्बर आणि आयसेन यांनी लॉटरी जिंकलेल्या आणि हरलेल्या कंपन्या समोरासमोर ठेवल्या. जिंकलेल्या कंपन्यांत एच-१बीवाल्याने बऱ्याच अंशी दुसऱ्या कामगाराची जागा घेतली होती आणि पेटंटं वाढल्याचं दिसलं नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं: कंपनीच्या आत जागा जाते, शहरात बाहेर मागणी वाढते.

बाउंड, खन्ना आणि मोरालेस यांचं गणित आम्हाला सर्वांत प्रामाणिक वाटतं. त्यांच्या प्रतिमानानुसार परदेशी संगणकतज्ज्ञ आले नसते तर २००१ मध्ये अमेरिकन संगणकतज्ज्ञांचे पगार २.६ ते ५.१ टक्के जास्त असते. पण देशाचं एकूण उत्पन्न कमी आणि ग्राहकाला वस्तू महाग. फायदा सगळ्यांत पसरतो आणि तोटा एकाच पेशावर पडतो. म्हणून अर्थतज्ज्ञ खुशीत आणि प्रोग्रामर चिडलेला, असं चित्र दिसतं.

२०२२ नंतर नव्या पदवीधरांना नोकऱ्या नाहीत, हे व्हिसामुळेच ना?

मुख्यतः नाही. दरवर्षीच्या नव्या एच-१बींवरची ८५ हजारांची मर्यादा २०२१ च्या भरतीच्या लाटेतही होती आणि २०२३ च्या कपातीतही तेवढीच होती. बदललं ते दुसरंच. फेडरल रिझर्व्हचा व्याजदर शून्याजवळून २०२३ च्या जुलैपर्यंत ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर गेला. साथीच्या काळात झालेली जादा भरती उलटली: मेटाने ११ हजार, गूगलने १२ हजार, मायक्रोसॉफ्टने १० हजार माणसं काढल्याचं जाहीर केलं.

आणखी एक कारण कर सल्लागार सोडून फारसं कुणी बोलत नाही. २०१७ च्या करकायद्यातली कलम १७४ ची तरतूद २०२२ पासून लागू झाली. सॉफ्टवेअर विकासावरचा खर्च त्याच वर्षी वजा न करता पाच वर्षांत पसरावा लागू लागला, परदेशात केलेला असेल तर पंधरा वर्षांत. डेव्हलपर अचानक करात महाग झाले. देशांतर्गत खर्चापुरती ही तरतूद २०२५ च्या जुलैत मागे घेतली गेली.

तरी विरोधकांचा एक मुद्दा खोडता येत नाही: मागणी आटली तेव्हाही दरवर्षीचा पुरवठा तेवढाच राहिला. न्यूयॉर्क फेडच्या २०२५ मधल्या तक्त्यात संगणकशास्त्राच्या नव्या पदवीधरांची बेरोजगारी ६.१ टक्के होती. दार मंदीतही तितकंच उघडं राहतं, हे त्या मुलांना पटवून देणं अवघड आहे.

ओपीटीवाले कंपनीला खरंच स्वस्त पडतात का?

हो, करामुळे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाला पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा कर लागत नाही आणि मालकालाही त्याचा वाटा भरावा लागत नाही. तो वाटा ७.६५ टक्के. ८० हजार डॉलर पगारावर कंपनीचे वर्षाला ६,१२० डॉलर वाचतात. ओपीटी १२ महिने, स्टेमवाल्यांना आणखी २४. संख्येची मर्यादा नाही. हे संसदेने नव्हे, प्रशासनाने नियमाने दिलं आहे. अमेरिकन तंत्रज्ञांच्या संघटनेने त्याला आव्हान दिलं, पण २०२२ मध्ये अपील न्यायालयाने नियम कायम ठेवला आणि पुढल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

आणि एल-१?

कंपनीच्या परदेशी शाखेतून बदलीवर येणाऱ्यांसाठी. संख्येची मर्यादा नाही, प्रचलित पगाराची अटही नाही. व्यवस्थापकाला सात वर्षं, विशेष ज्ञानवाल्याला पाच. वादात याचं नाव एच-१बीच्या मानाने फार कमी येतं, याचं आश्चर्य वाटतं.

सगळे भारतीयच का?

२०२४ च्या आर्थिक वर्षात मंजूर अर्जांत भारतात जन्मलेले सुमारे ७१ टक्के होते. पण मंजूर झालेल्या साधारण ४ लाख अर्जांपैकी नव्या नोकरीचे सुमारे १ लाख ४१ हजार. बाकी मुदतवाढ, नोकरीबदल वगैरे. एच-१बीला देशवार मर्यादा नाही, ग्रीन कार्डाला आहे: नोकरीवर आधारित वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार, त्यात एका देशाला ७ टक्के. त्यामुळे इतर बहुतेक देशांचा माणूस काही वर्षांत रांगेतून बाहेर पडतो. भारतीय माणूस आय-१४० (कंपनीने त्याच्या ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज) मंजूर होऊनही तीन-तीन वर्षांच्या मुदतवाढी घेत राहतो आणि दर वेळी ‘भारतीयांना आणखी एक एच-१बी’ म्हणून मोजला जातो.

लॉटरी आता कशी चालते?

नोंदणी मार्चमध्ये, प्रत्येकी २१५ डॉलर. २०२४ पर्यंत हे १० डॉलर होते. निवड झाली की १ एप्रिलपासून किमान ९० दिवस अर्जाला, काम १ ऑक्टोबरपासून. ६५ हजार सर्वसाधारण आणि अमेरिकेतल्या मास्टर्सना २० हजार. चिली आणि सिंगापूरसाठी ६,८०० त्या ६५ हजारांतूनच राखून ठेवतात. विद्यापीठं आणि त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्था मर्यादेबाहेर.

एकाच माणसासाठी चार-चार कन्सल्टन्सी नोंदणी करायच्या, त्यामुळे २०२४ च्या आर्थिक वर्षासाठी ७ लाख ८० हजारांवर नोंदण्या झाल्या. मग निवड माणसागणिक होऊ लागली, आणि दोन वर्षांत पात्र नोंदण्या ३ लाख ४४ हजारांच्या आसपास आल्या.

२०२५ च्या डिसेंबरअखेरीस प्रसिद्ध झालेल्या नियमाने लॉटरीत वजन आणलं: चौथ्या लेव्हलची चिठ्ठी चार वेळा टाकायची, तिसरीची तीन, दुसरीची दोन, पहिलीची एकदा. नियम करणाऱ्या गृह सुरक्षा खात्याच्याच अंदाजात पहिल्या लेव्हलची शक्यता सुमारे १५ टक्के, चौथीची सुमारे ६१. मेख अशी, की लेव्हल भागानुसार असते. स्वस्त गावात चौथी लेव्हल गाठायला जो पगार पुरतो, तो सॅन होजेत दुसरीलाही पुरेलच असं नाही.

ते १ लाख डॉलर कुणाला भरावे लागतात?

१९ सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय घोषणेनुसार, २१ सप्टेंबरपासून दाखल झालेल्या नव्या अर्जांवर, जेव्हा माणूस अमेरिकेबाहेर असतो आणि त्याच्याकडे वैध एच-१बी नसतो. मुदत १२ महिने, वाढवता येईल अशी. मुदतवाढ, आणि देशात राहून एफ-१वरून एच-१बीवर जाणं यांना ही रक्कम लागू नाही, असं नंतर स्पष्ट केलं गेलं.

चूक होते ती इथे: स्टेटस बदलाचा अर्ज पडून असताना मुलगा बहिणीच्या लग्नाला नाशिकला येतो. देश सोडला की ती मागणी सोडून दिली असं धरतात, आणि १ लाखाचा प्रश्न उभा राहतो. निकाल हातात पडेपर्यंत विमानात बसू नका.

बाकीचा खर्च कोण करतं? पगारातून कापून घेतात, ते चालतं का?

२६ किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपनीला अर्जाचे ७८०, आश्रय कार्यक्रमाचे ६००, फसवणूक प्रतिबंधाचे ५०० आणि प्रशिक्षण निधीचे १,५००, मिळून ३,३८० डॉलर. वकील वेगळा. प्रशिक्षण निधीचे पैसे कर्मचाऱ्याकडून कोणत्याही नावाने घेता येत नाहीत. अर्जाचा आणि वकिलाचा खर्च कापल्याने पगार एलसीएतल्या बंधनकारक आकड्याखाली जात असेल तर तोही बेकायदा. ‘मध्येच सोडलंस तर १० हजार भर’ असा दंडही चालत नाही.

प्रोजेक्ट नाही म्हणून बेंचवर बसवलं आणि पगार थांबवला. काय करायचं?

काम नसणं ही कंपनीची अडचण आहे. पगार द्यावाच लागतो. श्रम खात्याच्या वेतन विभागाकडे डब्ल्यूएच-४ अर्जाने १२ महिन्यांच्या आत तक्रार करता येते. पे-स्टब, बँकेचे उतारे, बेंचवर असल्याचे मेल जपून ठेवा, आणि ते वैयक्तिक मेलवर वेळेत काढून घ्या, कारण लॅपटॉप सगळ्यात आधी बंद होतो. पगार नसलेले महिने पुढच्या ट्रान्सफरमध्ये स्टेटसचा प्रश्न म्हणूनही उभे राहतात, त्यामुळे गप्प बसणं महागात पडतं.

नोकरी गेली. ६० दिवस कधीपासून?

नोकरी संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. नोकरी कधी संपली, हे बहुधा शेवटच्या कोणत्या दिवसाचा पगार मिळाला त्यावरून ठरतं. आय-९४ (अमेरिकेत राहायच्या मुदतीची नोंद) आधी संपत असेल तर तेवढेच दिवस. नव्या कंपनीचा अर्ज या मुदतीत दाखल झाला पाहिजे. दाखल झाला की निकालाआधीच काम सुरू करता येतं. एलसीएचे सात दिवस धरले तर ऑफर ४५व्या दिवसापर्यंत हातात हवी. तोवर जमलं नाही तर जोडीदाराच्या व्हिसावर किंवा बी-२ या पर्यटक व्हिसावर बदलाचा अर्ज करतात. बी-२ वर नोकरी करता येत नाही, फक्त वेळ मिळतो. मुदतीआधी काढलं तर मायदेशी परतायचा रास्त प्रवासखर्च कंपनीने द्यायचा असतो. मागितल्याशिवाय बहुतेक जण देत नाहीत.

स्टॅम्पिंगसाठी (पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का घ्यायला) मुंबईला यावं का?

टाळता येत असेल तर टाळा. सप्टेंबर २०२५ पासून बहुतेकांना ड्रॉपबॉक्स, म्हणजे मुलाखतीशिवाय व्हिसा मिळण्याची सोय, बंद झाला, आणि आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच मुलाखत द्या, असं धोरण आलं. १५ डिसेंबरपासून एच-१बी आणि एच-४ (त्यांचे जोडीदार आणि मुलं) यांची समाजमाध्यमंही तपासली जाऊ लागली, आणि ठरलेल्या तारखा काही महिने पुढे ढकलल्या गेल्या. यायचंच असेल तर भारतातून किती दिवस काम करता येईल, हे आधी कंपनीकडून लेखी घ्या.

मी अमेरिकन नागरिक आहे. ‘फक्त एच-१बी’ असं लिहिलेली जाहिरात पाहिली. तक्रार कुठे?

अशी जाहिरात बेकायदा आहे. न्याय खात्यात स्थलांतरित आणि कर्मचारी हक्क विभाग आहे. घटनेपासून १८० दिवसांत अर्ज करा. जाहिरातीचा तारखेसह स्क्रीनशॉट, तुमचा अर्ज आणि आलेलं उत्तर जोडा. काही अटींवर ग्रीन कार्डधारकांनाही हा हक्क आहे.

व्हिसा बंद केला तर ते काम अमेरिकनांना मिळेल की पुण्याला येईल?

दोन्हीकडे थोडं-थोडं जाईल. ब्रिटा ग्लेनन यांच्या अभ्यासात व्हिसा न मिळालेल्या बहुराष्ट्रीय कंपन्यांनी परदेशी शाखांतली भरती वाढवलेली दिसते, विशेषतः भारत, चीन आणि कॅनडात. हिंजवडी आणि खराडीतली परदेशी कंपन्यांची केंद्रं अशा कामाला तयारच आहेत. म्हणून विरोधकांनी आता मोर्चा तिकडे वळवला आहे: सिनेटर बर्नी मोरेनो यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशी पाठवलेल्या कामाच्या मोबदल्यावर २५ टक्के कराचं विधेयक मांडलं. पुण्यातल्या ज्यांना व्हिसाचा वाद आपल्याशी संबंध नसलेला वाटतो, त्यांनी हे विधेयक वाचावं.